मध्यम बोअरची रायफल आणि तिचे काडतूस: मापांची जुळणी

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत माझ्या ओळखीचा एक लेथ कारखाना आहे. तिथल्या एका तरुण टर्नरने मला मध्यंतरी एक प्रश्न विचारला. सोलापुरात मोटारीच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट मायक्रॉनच्या हिशेबात घासून दिले जातात, मग परदेशी कारागिराने हाताने बांधलेली शिकारी रायफल चारचाकीच्या किमतीला का विकली जाते, आणि नळी म्हणजे शेवटी आतून आटे पाडलेला पाइपच नाही का, असे त्याला वाटत होते. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले नाही म्हणून हा लेख लिहीत आहे. आपल्या देशात परवान्याशिवाय बंदूक बनवणे किंवा काडतूस भरणे हा गंभीर गुन्हा आहे, त्यामुळे यात कृती किंवा दारूची मापे नाहीत. ही वस्तू आतून कशी चालते आणि तिच्यात एवढी अचूकता का लागते, एवढेच इथे समजावून सांगायचे आहे.

सुरुवात काडतुसापासून करावी लागते. रायफलीचे काडतूस चार वस्तूंचे बनते: पितळेचे केस म्हणजे बाहेरचे नळकांडे, त्याच्या बुडात बसवलेली ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आतली धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण कारागिराच्या लेखी गोळी म्हणजे फक्त उडून जाणारे टोक. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते आणि टोपीतली ज्वाळा दारूला पेटवते. दारू पेट घेते, पण तिचा स्फोट होत नाही, ती जळते. मात्र ती जितक्या जास्त दाबाखाली असते तितकी वेगाने जळते, आणि जितक्या वेगाने जळते तितका दाब आणखी वाढतो. हे चक्र ध्यानात घेतले की पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप कळतात. पाण्याच्या टाकीत दहा टक्के पाणी जास्त ओतले तर पातळी दहा टक्क्यांनीच वाढते, पण काडतुसातली दारू थोडीशी जास्त झाली तर दाब त्या प्रमाणात न वाढता त्याहून कितीतरी अधिक चढतो.

हा दाब किती असतो याची कल्पना यावी म्हणून घरचे उदाहरण घेतो. प्रेशर कुकरची शिटी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार जास्त असतो आणि मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. काडतुसाच्या नावातला आकडा साधारणपणे त्याचे बोअर, म्हणजे नळीचे आतले माप, इंचात सांगतो. .३०-०६ या काडतुसासाठी युरोपीय मानकाने घातलेली कमाल मर्यादा ४०५० बार आहे, तर मध्यम बोअरमधले सर्वांत नावाजलेले .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, जे १९१२ साली लंडनमध्ये आले, त्याची मर्यादा ४३०० बार आहे. त्या केसच्या बुडाचे आतले क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस सेंटीमीटर भरते. म्हणजे गोळी पुढे ढकलली जात असताना चार टनांच्या आसपासचा जोर मागे, बोल्टच्या म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या तोंडावर येतो. उसाने भरलेल्या दोन बैलगाड्यांचे वजन करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर टेकावे तसा हा प्रकार आहे, आणि नेम धरणाऱ्याचा गाल त्या जागेपासून वीतभर अंतरावर असतो. हा जोर हजारांश सेकंदाच्या हिशेबात येतो आणि जातो, पण पोलाद चुकीचे असेल तर तेवढा वेळही पुरतो.

आता पितळेकडे वळू, कारण सगळ्यात कमी लक्ष जाते ते तिच्याकडेच. केस म्हणजे नुसती दारू ठेवायची डबी असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती एका क्षणापुरती वॉशर असते. दाब चढताच तिच्या पातळ भिंती फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या, पोलादाला घट्ट चिकटतात आणि तापलेला वायू मागे येऊ देत नाहीत. दाब उतरला की तीच पितळ किंचित आकसते, आणि म्हणून बोल्ट मागे ओढल्यावर रिकामे केस सहज बाहेर येते. ताणून पुन्हा जवळपास मूळ मापावर येण्याचा हा गुण पितळेत आहे म्हणूनच सव्वाशे वर्षांत तिला खरी पर्यायी धातू सापडलेली नाही. मात्र हा लवचीकपणा अमर्याद नसतो. वारंवार ताणली गेलेली पितळ कडक होते आणि केसच्या मानेला उभी चीर जाते. तांबट भांडे ठोकताना मधेमधे ते तापवून मऊ करून घेतो तो याच कारणासाठी, आणि काडतुसांच्या कारखान्यातही केसची मान तशीच तापवून मऊ केली जाते. नव्या केसच्या मानेवर जी निळसर झाक दिसते ती या तापवण्याची खूण असते, तो डाग नव्हे.

केस चेंबरमध्ये बसल्यावर तिचे बूड आणि बोल्टचे तोंड यांच्यात किती मोकळीक उरते, याला धंद्यात हेडस्पेस म्हणतात. माझ्या मते संपूर्ण रायफलीत याहून महत्त्वाचे माप दुसरे नाही. ही मोकळीक गरजेपेक्षा कमी असेल तर बोल्ट बंदच होणार नाही. ती जास्त असेल तर भिंती चेंबरला चिकटून जागच्या जागी राहतात, बूड मात्र चार टनांच्या जोराने मागे सरकते, आणि या ओढाताणीत बुडाच्या थोडे वर पितळ ताणून पातळ होते. एक-दोनदा ती सहन करते, पुढे कधीतरी त्याच जागी दोन तुकडे होतात आणि वायू नेमबाजाच्या तोंडाच्या दिशेने सुटतो. वर्कशॉपच्या भाषेत ज्याला आपण थाऊ म्हणतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तशा पाच-सहा थाऊंचा फरक इथे पुरेसा असतो. केस चेंबरमध्ये कशावर टेकते तेही प्रत्येक काडतुसाचे वेगळे असते: .३१५ सारख्या काठ असलेल्या केसमध्ये मागचा काठ टेकतो, .३०-०६ मध्ये मानेखालचा उतरता खांदा टेकतो, तर .३७५ मॅग्नममध्ये बुडाजवळचा पट्टा टेकावा अशी रचना आहे.

परदेशात परवानाधारक नेमबाज स्वतःची काडतुसे हाताने का भरतात, याचे उत्तर इथेच आहे. कारखान्यातले काडतूस त्या बोअरच्या जगातल्या प्रत्येक रायफलीत बसले पाहिजे, म्हणून ते शिंप्याने शिवलेल्या सदऱ्यासारखे नसून तयार कपड्यासारखे थोडे सैल ठेवलेले असते. हाताने भरणारा माणूस एकाच रायफलीच्या चेंबरमध्ये फुगून आलेली केस त्याच रायफलीसाठी पुन्हा वापरतो, त्यामुळे मोकळीक अगदी कमी राहते, पितळ कमी ताणली जाते आणि प्रत्येक गोळी जवळपास सारखीच निघते. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. .३१८ वेस्टली रिचर्ड्स किंवा .३५० रिग्बी यांसारखी जुनी मध्यम बोअर काडतुसे आज बाजारात क्वचितच मिळतात, आणि आजोबांची रायफल जिवंत ठेवायची तर दुसरा मार्ग उरत नाही. हे काम करणारा प्रत्येक मोजणी ग्रेनमध्ये करतो. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, म्हणजे एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढे. सराफाच्या काट्यावर जी शिस्त असते ती इथे लागते, आणि सराफाची चूक फार तर पैशांवर भागते.

सोलापूरकराला सहज पटेल असा एक मुद्दा यात उन्हाचा आहे. १८८९ साली ब्रिटनमध्ये कॉर्डाइट नावाची धूरविरहित दारू तयार झाली. सुरुवातीच्या मिश्रणात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन असे, आणि ती दिसायला शेवयांच्या जुडीसारखी असे. इंग्लंडच्या थंड हवेत तिचे काम चोख चाले, पण दारू जितकी तापलेली तितकी ती वेगाने जळते, त्यामुळे हिंदुस्थानातल्या आणि आफ्रिकेतल्या उन्हात तेच काडतूस कितीतरी जास्त दाब देऊ लागले. गोळी सुटे, पण फुगलेली केस चेंबरमध्येच अडकून बसे, आणि समोर जखमी जनावर असताना बोल्ट न उघडणे म्हणजे काय हे सांगायला नको. लंडनच्या बंदूककारांनी यावर दोन उपाय काढले. एक तर उष्ण प्रदेशासाठी दारू कमी भरलेली वेगळी काडतुसे ते विकू लागले. दुसरा उपाय जास्त शहाणपणाचा होता. त्यांनी केसच मोठी केली, म्हणजे तेवढीच दारू ऐसपैस जागेत जळेल आणि दाब मुळातच कमी राहील. १९११ सालची .४१६ रिग्बी आजच्या नजरेला उगाच जाडजूड वाटते ती याच हिशेबामुळे. आजची दारू तापमानाला बरीच कमी बधते, तरीही मे महिन्यात सोलापुरात ४२-४३ अंश असताना बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले काडतूस हाताला चटका देईल इतके तापते. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी काडतुसे सावलीत ठेवावीत, असे मी कळकळीने सांगेन.

मध्यम बोअर म्हणजे नेमके काय, याची सीमारेषा पुस्तकागणिक थोडी सरकते. साधारणपणे .३१८ पासून .४०० च्या आसपासची काडतुसे या वर्गात धरतात: जर्मनीतली ओटो बॉक यांची १९०५ सालची ९.३×६२, इंग्लंडमधली .३१८, .३५० आणि .३७५. हरणासाठी फार जड नाही आणि वाघ-अस्वलासाठी फार हलकी नाही, अशी ही मधली पट्टी आहे. जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध .२७५ रिग्बी या पट्टीच्या खाली येते, ती मुळात ७ मिलिमीटर माउझर आहे. आपल्याकडे गावोगावी परवान्यावर दिसणारी .३१५ या पट्टीच्या अगदी उंबरठ्यावर आहे, आणि तिची जन्मकथा फारच थोड्यांना ठाऊक असते. इंग्रज सरकारला भीती होती की लष्कराच्या .३०३ बोअरच्या रायफली लोकांच्या हाती असल्या तर चोरलेली लष्करी काडतुसे त्यांत चालतील. म्हणून लष्करी बोअर सामान्य माणसाला बंद करण्यात आले आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसावरून .३१५ पुढे आले. सुमारे १५.८ ग्रॅमची बोथट गोळी आणि सेकंदाला ६२० मीटरच्या आसपास वेग, असा त्याचा मूळ साज होता. मोठ्या बोअरमध्येही तेच घडले. .४५० वर बंदी आल्यावर .४६५ आणि .४७० ही काडतुसे रुळली. आज शेतकऱ्याच्या घरात भिंतीवर टांगलेल्या .३१५ चे माप शिकारीच्या गरजेतून आलेले नाही, परकीय सरकारच्या धास्तीतून आलेले आहे. स्वातंत्र्यानंतरही तेच बोअर चालू राहिले आणि इछापूरच्या कारखान्यात त्याच्या रायफली बनत राहिल्या.

आता टर्नरच्या मूळ शंकेकडे, म्हणजे आटे पाडलेल्या पाइपाकडे येतो. नळीतल्या पेचदार खाचा गोळीला फिरवतात, आणि फिरणारा भोवरा जसा पडत नाही तशी फिरणारी गोळी हवेत कोलांट्या खात नाही. किती फिरवायचे हा खरा प्रश्न आहे. वूलिच इथले गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ साली त्यासाठी एक सोपे सूत्र दिले: गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला किती लांबीची नळी हवी ते मिळते. .३१५ ची गोळी ८.२ मिलिमीटर व्यासाची आणि समजा ३१ मिलिमीटर लांबीची धरली, तर उत्तर सुमारे ३२५ मिलिमीटर येते. सेकंदाला ६२० मीटर वेगाने निघालेली गोळी मग सेकंदाला सुमारे १९०० फेरे घेते, म्हणजे मिनिटाला एक लाखाच्या वर. आपल्या सूतगिरणीतली चाती मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते आणि तेवढ्यावर तिचा तोल जरा बिघडला तरी धागा तुटतो. तिच्या पाचपट वेगाने फिरणाऱ्या गोळीचे एका बाजूचे आवरण केसभर जाड असेल तर ती नेमावर का लागत नाही, हे सोलापूरकराला वेगळे समजावावे लागू नये. सूत्रातून आणखी एक गोष्ट कळते. लांब गोळीला जास्त फिरवावे लागते, म्हणून नळी कोणत्या गोळीसाठी हवी हे आधी ठरते आणि नळी नंतर बनते.

साध्या लेथवर आटे पाडता येतीलही, पण सगळी अडचण त्यानंतर सुरू होते. सरळ भोक पाडताना पोलादात ताण शिल्लक राहिले तर नळी तापल्यावर केसभर वाकते आणि चौथी-पाचवी गोळी पहिलीच्या शेजारी न पडता वीतभर दूर जाते. पोलादाची उष्णताप्रक्रिया चुकली तर ते एकतर मऊ पडते आणि बोल्टला जागी अडकवून ठेवणारे दात हळूहळू मागे दबतात, किंवा काचेसारखे कडक होते आणि न सांगता फुटते. दुसरा प्रकार जास्त भयंकर, कारण पहिल्यात निदान हेडस्पेस वाढत गेल्याची सूचना मिळते. आजही बहुतेक नामांकित कारागीर माउझरची १८९८ सालची रचना पाया म्हणून घेतात. तिच्यात बोल्टला पुढे दोन दात आहेत आणि ते निकामी झालेच तर मागे तिसरा राखीव दात आहे, टोपी फुटली तर वायू बाजूला सोडणारी भोके आहेत, आणि काडतुसाचा काठ पहिल्यापासून धरून ठेवणारा रुंद पंजा आहे. तयार झालेली रायफल नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसाने तपासली जाते. लंडनमध्ये ही तपासणी १६३७ पासून आणि बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून अधिकृत तपासणीगृहात होते. त्या तपासणीचा छोटासा ठसा नळीवर नसेल, तर वरचे नक्षीकाम कितीही सुंदर असो, ती वस्तू हाती घेऊ नये.

दस्त्याबद्दल थोडक्यात सांगतो. अक्रोडाचे लाकूड पावसाळ्यात फुगते आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते. पोलाद ज्या खाचेत बसते ती खाच बदलली की नळीवरचा दाब बदलतो आणि गोळी लागण्याची जागा सरकते. जूनमध्ये बरोबर लागणारी रायफल एप्रिलमध्ये का हुकते, याचे कारण माशीत, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेत, न शोधता लाकडात शोधावे.

कायदा काय म्हणतो तेही स्पष्ट सांगायला हवे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक किंवा काडतूस बनवणे, विकणे, बदलणे, दुरुस्त करणे आणि तपासणे या प्रत्येकाला परवाना लागतो. काडतूस या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेसुद्धा येतात, म्हणून परदेशी दुकानातून मागवलेला हाताने काडतुसे भरायचा प्रेससुद्धा साधे अवजार ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे, आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात. शिकारीचा दरवाजा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बराचसा आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने पुरता बंद केला. ज्या माळरानावर एकेकाळी काळविटांमागे लांब पल्ल्याच्या रायफली फिरल्या, त्यातले नान्नजचे माळ आज माळढोकाचे अभयारण्य आहे, आणि ते तसेच राहावे असे मला मनापासून वाटते. पिकात शिरणाऱ्या रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते. म्हणजे आपल्यासाठी हा विषय मुख्यतः तीन ठिकाणी उरतो: नेमबाजीच्या मैदानावर, अक्कलकोटच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारासारख्या संग्रहांत, आणि ज्या घरांत वडिलोपार्जित परवान्याची .३१५ अजून आहे तिथे.

अशाच एका घरातली गोष्ट सांगतो. माझ्या काकांची .३१५ दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका वृद्ध कारागिराकडे आम्ही घेऊन गेलो होतो. काकांची तक्रार एवढीच होती की अलीकडे रिकाम्या केसवर बुडाजवळ एक चकचकीत रेघ दिसते. कारागिराने त्यातली एक केस शिकंज्यात धरली, बारीक करवतीने उभी कापली आणि दोन्ही अर्धुके तळहातावर ठेवून आमच्यापुढे धरली. बाहेरून जिथे रेघ होती तिथेच आत एक खोलगट घळ दिसत होती, जणू कोणी नखाने ओरखडा काढावा तशी. बाकी भिंत नखाएवढी जाड आणि त्या एका वर्तुळात कागदाएवढी. ते म्हणाले, "साहेब, पितळ इथून निघायला आलीय. तुमचं नशीब की ही शेवटची होती." काकांनी नव्या पेटीतली काडतुसे चालतील का असे विचारले, तेव्हा त्यांनी मान हलवली, बोल्ट साफ केला, त्यातले पंजा वगैरे काढून ठेवले आणि लाकडी खोक्यातून पोलादाची एक छोटी चकती काढली. ती त्या बोअरच्या कमाल मर्यादेची होती, आणि तिच्यावर बोल्ट बंद व्हायला नको होता. त्यांनी ती चेंबरमध्ये बसवली आणि जोर न लावता, फक्त अंगठा आणि तर्जनीने, बोल्टची मूठ खाली नेली. ती थेट खालपर्यंत गेली.